सुरंगवेळची बिनकाचेची कपाटं

या, चपला ओट्यावरच राहू द्या. दालन थोडं काळोखं वाटेल, पण डोळे सरावले की सगळं दिसतं. तुम्ही येताना पलीकडच्या नव्या इमारती पाहिल्याच असतील. तिथे भरती-ओहोटीचा हौद आहे, मोठे आरसे आहेत, हाताने फिरवायचं वीजयंत्र आहे. पाच तालुक्यांतल्या शाळा बसगाड्या भरून तिकडे येतात. उन्हाळा लागला की आजूबाजूच्या गावांतली माणसं आपल्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून इथे आणतात आणि किती खारं झालंय ते स्वतः मोजून बघतात. पण सुरंगवेळच्या विज्ञान संग्रहालयाचा जन्म झाला तो या दालनात, या जुन्या बंदरचौकीत. आणि पाहुणे पहिल्यांदा विचारतात ते या कपाटांबद्दल.

कपाटं सागवानी आहेत, चांगली पुरुषभर उंच. दारांना चौकटी आहेत, चौकटींत खाचा आहेत, काही खाचांत काच बसवायची जुनी वाळलेली लांबीही चिकटलेली आहे. काच मात्र एकाही दाराला नाही. काचा फुटल्या नाहीत की चोरीला गेल्या नाहीत. त्या उतरवल्या, आणि ज्या माणसाने बसवल्या होत्या त्यानेच उतरवल्या, असं सांगतात. मी काही ते पाहिलेलं नाही. आमची आत्या त्या दिवसांत याच चौकीत होती, तिच्या तोंडून ऐकलेलं सांगतो.

खाडीवर पूल नव्हता तेव्हाची गोष्ट. सुरंगवेळ म्हणजे वाळूची एक लांब पट्टी. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मध्ये माडांच्या सावलीत गाबितांची आणि भंडाऱ्यांची घरं. बाजार, दवाखाना, कचेरी सगळं खाडीपलीकडे. होडीशिवाय कुणाचं काही चालत नसे.

इथल्या शाळेत गोपाळ शेट्ये नावाचे मास्तर होते. त्यांना वस्तू जमवायचा नाद होता. बंदरात येणाऱ्या तांडेलांकडून, जहाजावर चाकरीला गेलेल्या माणसांकडून, जुन्या विद्यार्थ्यांकडून त्यांनी काय काय मिळवलं होतं. देवमाशाच्या पाठीचा मणका, होकायंत्र, लोहचुंबक, निरनिराळी भिंगं, जहाजावरच्या जाड कप्प्या, देशोदेशीचे शंख. नोकरीतून निवृत्त झाल्यावर ही ओस पडलेली चौकी त्यांनी मागून घेतली आणि कपाटं करवून घेतली. काचा लांबून मचव्यातून आल्या, गवतात गुंडाळून. एकीलाही चरा गेला नव्हता. मास्तरांनी त्या कुणाला बसवू दिल्या नाहीत, स्वतः बसवल्या.

सुरुवातीला म्हणे कपाटं उघडीच असत. मग एका जत्रेत गर्दी झाली आणि कुणाच्या तरी धक्क्याने मास्तरांचा सगळ्यात सुंदर शंख खाली पडून फुटला. त्यांच्या बायकोला तो फार आवडायचा, आणि ती वारून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मास्तर कुणावर ओरडले नाहीत. ते सरळ सातेरीच्या देवळात गेले आणि देवीसमोर बोलले, की माझ्या हयातीत या वस्तूंना दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही. त्या दिवसापासून कपाटांना कुलपं लागली. ‘हात लावू नये’ अशा पाट्या लागल्या. मुलं यायची, काचेपासून हातभर लांब उभी राहून बघायची आणि गप्प निघून जायची. होकायंत्राची सुई हलते हे गावातल्या बऱ्याच जणांना फक्त ऐकून माहीत होतं.

अशी वर्षं गेली. आणि एका कार्तिकात वादळ आलं.

पाऊस सरून गेला होता. भात कापून झालं होतं, होड्या पाण्यात उतरल्या होत्या. त्या दिवसांत समुद्र असा उठेल असं कुणाच्या मनातही नव्हतं. आधी वारा आला, आणि मग समुद्र वाळूची पट्टी ओलांडून गावातून खाडीला जाऊन मिळाला. घरांत कमरेएवढं पाणी शिरलं. गावात उंच जोत्याची आणि चिऱ्याच्या भिंतींची जागा एकच होती, ही चौकी. लोक मुलांना खांद्यावर घेऊन इथे आले. मास्तरांनी दार उघडलं, सगळ्यांना आत घेतलं. पण आत्या सांगायची, वादळ घोंघावत असतानासुद्धा ते कपाटांकडे पाठ करून उभे होते, माणसं रेटून काचेवर पडू नयेत म्हणून.

शेवंती कोयंडे नावाची बाई आपल्या भावजयीला धरून घेऊन आली होती. भावजयीचं नाव सुगंधा, तिचे दिवस भरले होते. शेवंतीचा भाऊ मासेमारीला लांब दक्षिणेकडे गेलेला. पहाटे वारा पडला तेव्हा या कोपऱ्यात, त्या खिडकीखाली, सुगंधाला मुलगी झाली. लोकांना वाटलं, संकट टळलं.

खरं संकट दुसऱ्या दिवशी कळलं. समुद्र ओसरला, पण गावातल्या सगळ्या विहिरी खारट करून गेला. होड्या फुटल्या होत्या, काही खाडीच्या चिखलात उलट्या रुतल्या होत्या. खाडी उन्मळलेल्या झाडांनी भरून जोरात वाहत होती. पलीकडच्या गावांचेही तेच हाल झाले असणार, तिकडून कुणी दिसेना. आकाश मात्र स्वच्छ. पावसाचा एक ढग नाही.

पडलेल्या माडांची शहाळी होती म्हणून पहिले काही दिवस निभावले. मग शहाळी संपत आली. लाकूडफाटा भिजून गेला होता, रॉकेल वाहून गेलं होतं, चूल पेटेना. तहान आवरेना म्हणून काही जण विहिरीचं पाणी प्यायले आणि ओकाऱ्यांनी आडवे झाले. सुगंधाला ताप भरला. तिचे ओठ फुटले, अंगावरचं दूध आटलं. पोर आधी रडत होती, मग रडेनाशी झाली. शेवंती तिला मांडीवर घेऊन बसून राहायची आणि तिच्या छातीवर हात ठेवून श्वास चालू आहे ना बघायची.

अशीच ती एका सकाळी बसली होती. पूर्वेच्या खिडकीतून ऊन आत आलं आणि कपाटावर पडलं. वादळात समुद्राचं पाणी चौकीतही घोटाभर आलं होतं, ते कपाटांच्या तळाशी शिरून तिथेच साचून राहिलं होतं. ऊन तापलं तशी काच धुकट झाली. मग धुक्याचे थेंब झाले आणि थेंब ओघळू लागले. शेवंतीने बोट लावून पाहिलं. काच बाहेरून कोरडी होती.

तिने मास्तरांना हाक मारली.

“मास्तरानू, काचेक आतसून पाणी सुटला हा.”

मास्तर थकून भिंतीला टेकले होते. त्यांनी डोळे न उघडताच सांगितलं, की दमट हवेने होतं तसं, कपाटाला हात लावू नकोस.

शेवंती गप्प बसली नाही. ती त्यांच्याच हाताखाली चार इयत्ता शिकली होती. ती पोरीला घेऊन त्यांच्यासमोर जाऊन बसली.

“तुमीच तर शिकयलास. समुद्राची वाफ होता, मीठ खाली ऱ्हवता. मगे ह्या आतला पाणी कसला? माका एकदा चाखून बघूचा आसा. कुलूप काढा.”

असं म्हणतात की तेव्हा मास्तरांनी डोळे उघडले आणि काचेकडे पाहिलं. आपण वर्षानुवर्षं फळ्यावर खडूने काढलेलं ते चित्र, समुद्र, वाफ आणि ढग, त्यांच्या डोळ्यांपुढे आलं असेल. देवीपुढे बोललेले शब्दही आठवले असतील. ते उठून दारात गेले. सातेरीच्या देवळाचं छप्पर उडालं होतं, पण दीपमाळ दिसत होती. तिकडे तोंड करून त्यांनी हात जोडले. मग परत आले, कमरेची किल्ली काढली आणि कुलूप उघडलं.

दार उघडताच शेवंतीने काचेच्या आतल्या अंगावरून बोट फिरवलं आणि जिभेवर ठेवलं. सगळी चौकी तिच्याकडे बघत होती.

“गोडा,” ती म्हणाली. “मास्तरानू, गोडा आसा ह्या.”

मास्तरांनीही चाखलं. आणि मग, आत्या सांगायची, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जागा झाल्यासारखा दिसला. त्यांनी भिवा मेस्ताला बोलावून घेतलं. भिवा म्हणजे गावचा सुतार, होड्या बांधणारा. मास्तरांनी त्याला जमिनीवर बोटाने आकृती काढून दाखवली. लाकडी उथळ पेटी, तिच्यात समुद्राचं पाणी, वर काच, आणि चहूबाजूंनी हवा बाहेर जाणार नाही अशी बंद. मासे खारवायच्या पेट्या वाळूत पुष्कळ अडकून पडल्या होत्या. होड्यांना लावायचं डांबर एका पिंपात उरलं होतं. आतून काळं केलं की ऊन जास्त धरतं, म्हणून पेट्यांना डांबर फासायचं आणि ते पुरतं सुकू द्यायचं ठरलं. राहिल्या काचा.

भिवाने पटाशी हातात घेतली आणि म्हणाला, “मास्तरानू, मी काढतंय. माजो हात बसलेलो आसा.”

“मी बसवल्या, मीच काढतो,” मास्तर म्हणाले.

त्यांनी लांबी खरवडून खरवडून एकेक काच सोडवली आणि बायांच्या हातांत दिली. एक काच खाली पडून फुटली. सगळे थबकले, कारण त्या शंखाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. मास्तरांनी फक्त एवढंच सांगितलं, की तुकडे उचला, मुलांच्या पायाला लागतील. आणि ते पुढच्या दाराकडे वळले.

पहिल्या खेपेला काही साधलं नाही. काचा सपाट ठेवल्या होत्या, त्यामुळे थेंब धरायचे आणि पुन्हा त्याच खाऱ्या पाण्यात पडायचे. ऊन कलेपर्यंत हाती काही आलं नाही. मास्तर पेटीजवळ डोकं धरून बसले. काही जण म्हणतात की तेव्हा लोकांमध्ये कुजबुज सुरू झाली, मास्तरांनी देवीला दिलेला शब्द मोडला म्हणून असं होतंय. पण शेवंतीने म्हणे कुणाचं ऐकून घेतलं नाही. कपाटाचं दार उभं होतं, तेव्हा पाणी ओघळलं होतं, मग काच तिरपी ठेवून बघू या, असं तिने सांगितलं. मास्तरांनी मान वर केली. त्यांनाही ते पटलं. भिवाने पेट्यांची एक बाजू तासून उतरती केली. खालच्या कडेला आतून माडाच्या पोयीचे, म्हणजे फुलोऱ्यावरच्या वाळक्या आवरणाचे, पन्हाळीसारखे तुकडे बसवले, त्यांचं एक तोंड पेटीबाहेर काढलं आणि फटी ओल्या मातीने लिंपल्या.

दुसऱ्या सकाळी पेट्या पुन्हा वाळूत मांडल्या गेल्या. उन्हं वर आली. काचा धुकटल्या. अख्खं गाव त्या पेट्यांभोवती बसलं होतं. मग एका पन्हाळीच्या तोंडाशी थेंब आला, लोंबला, आणि खाली ठेवलेल्या भांड्यात पडला. त्याच्यामागून दुसरा.

ते पाणी सगळ्या गावाची तहान भागेल एवढं नव्हतं, हे सांगायला हवं. एका काचेखाली दिवसभरात तांब्याभर पाणी जमायचं. मोठी माणसं उरलीसुरली शहाळी आणि त्यातल्या त्यात कमी खारट विहिरीच्या मचूळ पाण्यात हे पाणी मिसळून तगली. पण तान्ही मुलं, त्यांच्या आया आणि आजारी माणसं यांना ते निव्वळ मिळालं. वाटायचं कसं, यावर वाद होऊ नये म्हणून मास्तरांनी कपाटातला एक खोलगट शंख काढून शेवंतीच्या हातात दिला. या मापाने दे, म्हणाले. पहिला शंख सुगंधाच्या ओठांना लावला. तिने डोळे उघडले आणि आणखी मागितलं. दोन दिवस गेले, तिचा ताप उतरला, आणि पोरीने भुकेने जो टाहो फोडला तो सगळ्या वाडीत ऐकू गेला. असं सांगतात, की पोर रडतेय म्हणून बायका एकमेकींच्या गळ्यात पडून हसल्या, असं त्या गावाने आधी कधी पाहिलं नव्हतं.

इकडे दालनात कपाटं उघडी पडली होती. पाणी जमेपर्यंत करण्यासारखं काही नसायचं. मुलांनी आधी भीत भीत लोहचुंबकाला बोट लावलं. मास्तर बघत होते. मुलांनी हात मागे घेतला. तेव्हा मास्तर जवळ गेले, वाळूतले काळे कण उचलून कसे येतात ते दाखवलं आणि चुंबक मुलांच्याच हातात ठेवून परत आले. मग थांबणार कोण? मोठी माणसंही सरसावली. भिंगाने सुकलेला काथ्या पेटवून कुणीतरी चूल चालू केली. जहाजावरच्या कप्प्या इतकी वर्षं कपाटात मांडून ठेवलेल्या होत्या. भिवा मेस्ताने त्या मागून घेतल्या, दोर ओवले, आणि चिखलात उलटी पडलेली एक होडी चार जणांनी ओढून काठावर आणली. एरवी त्या कामाला अख्खी वाडी लागली असती. कप्प्या तोवर फक्त पाहिल्या होत्या. त्यांनी ओझं हलकं होतं हे लोकांच्या हातांना त्या दिवशी कळलं.

ती होडी डागडुजी होऊन पाण्यात गेली. तोवर खाडीचा जोरही उतरला होता. पलीकडून पिंपं भरून पाणी आलं, धान्य आलं, डॉक्टर आले. सुरंगवेळमध्ये त्या वादळानंतर तहानेने एकही माणूस गेलं नाही.

सगळं स्थिरस्थावर झाल्यावर लोकांनी काचा धुतल्या, पुसल्या, गवतात गुंडाळल्या आणि चौकीच्या ओट्यावर आणून उभ्या केल्या. भिवा नवी लांबी मळून घेऊन आला होता. मास्तर दालनात उभे होते. आत मुलं होकायंत्रासाठी भांडत होती. मास्तरांनी तो गोंगाट ऐकला, काचांकडे पाहिलं आणि लोकांना म्हणाले,

“या तुमच्या घरी न्या. पुन्हा गरज पडली तर काच मागायला कुणाला माझ्या दारात यावं लागू नये.”

पण त्यांच्या मनात एक काटा राहिलाच होता. देवीसमोर दिलेला शब्द मोडला होता. म्हणून देवळावर नवं छप्पर चढल्यावर ते कौल लावायला गेले. गुरवाने देवीला कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, की आये, ह्या लेकराने तुझ्यासमोर बोललेला शब्द मोडला, त्याची काही चूक झाली असेल तर सांग. कळी लगेच पडेना. मास्तर हात जोडून उभे होते, घामाने निथळत होते. शेवंती, सुगंधा, भिवा, सगळे मागे होते. मग उजवी कळी पडली. गुरव म्हणाला, आई राजी आहे. मास्तर तिथेच पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले, असं सांगतात. काही जण म्हणतात, रडले नाहीत, हसले. आत्या म्हणायची, दोन्ही.

चौकीत परत आले आणि त्यांनी पाट्या उतरवल्या. त्यानंतर लांबलांबून मुलं येऊ लागली. वस्तू हाताळून झिजायच्या, मोडायच्या. मास्तर, भिवा आणि गावातली माणसं त्या दुरुस्त करायची, नव्या बनवायची. त्यातून हे एवढं वाढलं. सुगंधाच्या त्या मुलीला संग्रहालयाचं फारसं वेड नव्हतं. ती मोठी झाली, लग्न होऊन मालवणच्या बाजूला गेली, तिने मासे विकले, नातवंडं पाहिली. शेवंती मात्र शेवटपर्यंत इथे यायची. आलेल्या शाळांतल्या मुली लाजून मागे उभ्या राहिल्या की त्यांचा हात धरून पुढे न्यायची.

आजही कार्तिकात, वादळाच्या त्या तिथीला, गावातल्या घराघरांतून काचा बाहेर निघतात. कुणाच्या देवघरातून, कुणाच्या माळ्यावरून. ज्यांच्या वाट्याची काच काळाच्या ओघात फुटली त्यांनी नवी घेतली आहे. सकाळी चौकीसमोरच्या वाळूत पेट्या मांडतात, समुद्राचं पाणी भरतात, काचा तिरप्या ठेवतात. शाळेची मुलं फटी लिंपतात. गावाबाहेरचा जो कुणी पाहुणा त्या दिवशी आलेला असेल त्याला पहिला घोट द्यायचा असा रिवाज आहे, मग लेकुरवाळ्या बायांना, मग इतरांना.

ऊन तापेपर्यंत सगळे बसून राहतात. ढोल नसतो, भाषण नसतं. अलीकडे एका वर्षी सकाळी आभाळ भरून आलं होतं, दुपारपर्यंत काच धुकटेना, म्हातारी माणसं अस्वस्थ होऊन वर बघू लागली. प्रत्येक घरात नळ आहे, पलीकडे पूल आहे, तरी त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. मग ऊन पडलं. पन्हाळीच्या टोकाशी थेंब आला, भांड्यात पडल्याचा आवाज झाला, आणि वाळूत बसलेल्या एवढ्या माणसांनी एकदम श्वास सोडला. तो आवाज मी समुद्राच्या आवाजातही ऐकला.